आलमबागचे मिश्रपेय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा लेखरूप पाठ)



या मालेत आमच्यापूर्वी संगीत, संतवाङ्मय आणि रंगभूमी अशा थोर विषयांवर भाषणे झाली. त्यांच्या पाठोपाठ सरबतासारख्या विषयावर बोलावयास उभे राहणे म्हणजे मोठ्या पंगतीनंतर ताकाचा पेला पुढे करण्यासारखे आहे. परंतु ताकावाचून पंगत पुरी होत नाही, हेही आपण जाणता. आम्ही कलाशाखेचे साधे पदवीधर. उभी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेली. रसायनशास्त्राचा अथवा वैद्यकाचा आमचा अधिकार नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला, त्याला कारण घडले आहे.

सुवर्णमहोत्सवी सहभोजन ऐन उन्हाळ्यात योजिले आहे. त्याच्या आखणीच्या बैठकीत काही तरुण सभासदांनी अशी सूचना मांडली की, जेवणापूर्वी पाहुण्यांना काही आधुनिक पेय द्यावे. ताजी बेरीवर्गीय फळे पेल्याच्या तळाशी चेचावीत, त्यांवर लिंबाचा रस, साखरेचा पाक, फळांच्या स्वादाची व्होडका आणि भरपूर बर्फ घालावा. ज्यांना चालते त्यांच्यासाठी शेजारच्या दालनात ही व्यवस्था असावी. बाकीच्यांना नेहमीचे सरबत आहेच. सूचना ऐकताच बैठकीचे दोन तट पडले. एका बाजूने संस्कृतीचा उद्धार झाला, दुसऱ्या बाजूने काळाचा. निर्णय मात्र झाला नाही.

सूचना करणाऱ्यांस आम्ही दोष देणार नाही. पाहुण्याच्या हाती काहीतरी देखणे, थंड आणि नव्या चवीचे द्यावे, ही इच्छा आतिथ्याचीच आहे. ज्यांना मद्य वर्ज्य नाही त्यांनी आपल्या घरी काय प्यावे, हाही आमचा प्रश्न नव्हे. प्रश्न आहे तो ‘शेजारचे दालन’ या दोन शब्दांचा. पन्नास वर्षे एका छपराखाली बसलेले मंडळ एका पेल्यापायी दोन दालनांत बसावे काय, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम त्या पेयाचाच विचार करू. व्होडका हे धान्यापासून किंवा बटाट्यापासून काढलेले मद्य. ते ऊर्ध्वपातनाने आणि गाळून इतके शुद्ध केलेले असते की, त्याला स्वतःची अशी चव जवळजवळ उरत नाही. त्यात सुमारे चाळीस टक्के मद्यार्क असतो. उरलेले बहुतांशी पाणीच. स्वतःची चव नसल्यामुळेच ते कोणत्याही फळाचा वास आणि रंग चटकन उचलते. म्हणजे पिणारा ज्या चवीची वाहवा करतो ती चव फळाची, आंबटपणा लिंबाचा, गोडी साखरेची आणि गारवा बर्फाचा. मद्याकडे उरतो तो केवळ अंमल. चवीच्या हिशेबात त्याची बाजू फारच थोडी आहे.

आता थोडा इतिहास. इंग्रज ज्याला ‘पंच’ म्हणतात ते मिश्रपेय सतराव्या शतकात आपल्या किनाऱ्यावरूनच युरोपात गेले. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच वस्तूंवरून, म्हणजे आपल्या ‘पंच’ या संख्येवरून, त्याला हे नाव पडले, असे पुष्कळ कोशकार मानतात. काहींचा मतभेदही आहे. १६३८ मध्ये सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने तेथील इंग्रज वखारवाल्यांच्या अशाच एका पेयाची नोंद केली आहे. त्यात मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असे. आज परदेशी म्हणून जे आपल्यापुढे येते, त्याचा एक पूर्वज असा सुरतेचा निघतो.

परंतु सुरतेच्या त्या पाच वस्तू आल्या कोठून? त्यांतील चार तर आपल्या घरात आधीपासूनच नांदत होत्या. फळाचा आंबट रस, गोडी, पाणी आणि सुगंधी मसाला यांच्या मिश्रणाला संस्कृतात ‘पानक’ म्हणतात. आपले ‘पन्हे’ हे त्याच शब्दाचे मराठी रूप. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि कैरीचे पन्हे देताना आपल्या भगिनी हेच पानक वाटीत असतात. अरबीतून आलेला ‘शरबत’ हा शब्दही ‘पिणे’ याच अर्थाच्या धातूपासूनचा. तेव्हा पाचांतील पाचवी वस्तू काढली, तर हाती शून्य उरत नाही. चार उरतात, आणि त्या चारांची परंपरा फार जुनी आहे.

किती जुनी, याची दोन उदाहरणे सांगतो. आणि दोहोंतही एकच फळ आहे. पाली विनयपिटकातील महावग्गात केणिय नावाच्या जटिलाची कथा येते. भगवान बुद्ध भिक्षुसंघासह आपण नावाच्या गावी आले असता केणियाने त्यांच्यासाठी पेय सिद्ध करून नेले. भिक्षूंना मध्यान्हीनंतर भोजन निषिद्ध, आणि मद्य तर सर्वकाळ निषिद्ध. मग संध्याकाळी थकूनभागून आलेल्या भिक्षूने घ्यावे काय? त्या प्रसंगी बुद्धांनी आठ पेयांना अनुज्ञा दिली. त्यांत आंब्याचे आहे, जांभळाचे आहे, द्राक्षांचे आहे, आणि आठवे आहे ‘फारुसक’ या फळाचे. दुसरे उदाहरण चरकसंहितेचे. सूत्रस्थानात चरकाने द्रव्यांचे दहा-दहांचे गट सांगितले आहेत. त्यांत श्रम हरण करणाऱ्या दहांत द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस यांच्या पंक्तीला ‘परूषक’ बसविले आहे.

हे फारुसक, हे परूषक म्हणजे कोण? मंडळी, ते दुसरेतिसरे कोणी नसून, ज्येष्ठाच्या उन्हात आलमबागेच्या बाजारात ठेल्यावर ओल्या फडक्याखाली दिसणारा आपला फालसा होय. तरुण मित्रांना बेरीवर्गीय फळ हवे होते. ते आपल्या दाराशीच विकावयास येते.

तथापि मद्याच्या देशांतून काय चालते तेही न्यायाने पाहिले पाहिजे. आधी आपल्या शेजारचा गोवा घ्या. तेथे उन्हाळ्यात काजूची बोंडे तुडवून रस काढतात, तो आंबवतात आणि भट्टीवर चढवितात. पहिल्या उकळीचे ते हुर्राक. पुन्हा ऊर्ध्वपातन केले की फेणी. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हुर्राकचा हंगाम उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांचाच, आणि लोक ते लिंबू घालून हौसेने घेतात. ऋतूतले फळ आणि मद्य यांची सांगड याहून अस्सल कोठे सापडावी? परंतु त्याच भट्टीच्या अंगणात आणखी एक वस्तू मिळते. तुडविलेल्या बोंडांच्या चोथ्याचा ढीग बांधून त्यावर दगडांचे वजन ठेवतात. त्यातून थेंब थेंब स्वच्छ रस झिरपतो. त्याला ‘नीरो’ म्हणतात. तो न आंबलेला, ताजा असतो. भट्टीवाल्याच्या घरची पोरे तोच पितात.

आता व्होडकेचे माहेर जो रशिया, तेथे जा. तेथेही रानातल्या आंबट, लाल बेरींचे ‘मोर्स’ नावाचे पेय घरोघरी असते, आणि त्यात मद्य नसते. त्याची रीत शिकण्यासारखी आहे. फळे चेचून आधी कच्चा रस वेगळा काढून ठेवतात. उरलेला चोथा पाण्यात उकळून गाळतात, त्यात साखर घालतात, आणि निवल्यावर तो कच्चा रस त्यात परत मिसळतात. चोथ्याचे सत्त्व वाया जात नाही आणि रसाचा ताजेपणाही शिजून जात नाही. म्हणजे रशियातही घरातल्या सर्वांनी मिळून घ्यावयाचे पेय म्हणून फळांचा रस निराळा राखलेला आहे. कडक पेयाच्या प्रत्येक देशात त्याच्या शेजारी असा एक पेला आढळतो. तो म्हाताऱ्यांना चालतो, पोरांना चालतो, व्रतस्थाला चालतो. सार्वजनिक पंगतीचा मान त्या पेल्याचा.

आता आपल्या आलमबागेकडे वळू. नबाब वाजिद अली शाहने आपली बेगम आलम आरा हिच्यासाठी येथे बाग आणि कोठी बांधविली, तिच्यावरून हे नाव पडले. १८५७ च्या संग्रामात या बागेच्या भिंतींआड इंग्रजी फौजेने ठाण मांडले. जनरल हॅवलॉकची कबर आजही येथे आहे. बाग गेली, नाव राहिले. पुढे रेल्वेचे कारखाने आले, वसाहती आल्या. फाळणीनंतर पंजाबातून उखडलेली कुटुंबे येथे येऊन रुजली. २०१७ मध्ये मेट्रो धावू लागली. या गर्दीत आमच्यासारखी बदलीच्या हुकमाने आलेली मराठी कुटुंबेही मिसळून गेली. लखनौशी आपले नाते तसे जुनेच. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये येथे संगीत महाविद्यालय उभारले, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु भातखंडे एखादेच. बाकीचे आपण रेल्वेत, टपालात, हिशेबखात्यात काम करणारे. येताना सामानात पुरणयंत्र, पाटा-वरवंटा आणि कोकमांची पुडी घेऊन आलेले.

येथील उन्हाळ्याचे वर्णन आपणांस काय करावे! मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो, आणि पश्चिमेकडून लू वाहू लागते. कोकणातल्या उन्हाळ्यात अंगाला घाम चिकटून राहतो. येथील लू घाम निघताक्षणी वाळविते. म्हणूनच ती अधिक फसवी. अंगातले पाणी आणि मीठ किती गेले हे माणसाला कळतच नाही. अशा वेळी मद्य घेणे हा नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी आरोग्याचा प्रश्न उरतोच. मद्याने लघवीचे प्रमाण वाढते आणि शरीरातले पाणी आणखी घटते. शिवाय उष्म्याने आलेली ग्लानी आणि मद्याने आलेली ग्लानी यांतील भेद बाहेरून ओळखू येत नाही. मदत हवी असलेल्या माणसाकडे ‘जरा जास्त झाली’ म्हणून दुर्लक्ष होते. भरदुपारच्या सहभोजनाला दूरदूरच्या वस्त्यांतून उन्हातून येणारे सत्तरीचे सभासद डोळ्यांसमोर आणा, म्हणजे आमची काळजी आपणांस पटेल.

याउलट पाणी, थोडे मीठ आणि थोडी साखर यांचे सामर्थ्य किती मोठे आहे! १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली. तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत मीठ-साखरेचे पाणी पाजून असंख्य प्राण वाचविले. साखरेच्या सोबतीने मीठ आणि पाणी आतड्यांत वेगाने शोषले जाते, हे त्यामागचे शास्त्र. आपले सरबत काही औषध नव्हे, आणि आजाऱ्याला वैद्याकडेच नेले पाहिजे. परंतु पन्ह्यात चिमूटभर मीठ टाकणारी आजी शास्त्राच्या फार दूर नव्हती, एवढे म्हणावयास हरकत नाही.

फालशाविषयी थोडे विस्ताराने सांगतो. हे झुडूप हिवाळ्यात पाने झडली की छाटतात, कारण फळ धरते ते नव्या फुटव्यावर. वसंतात पिवळी फुले येतात. मे-जूनमध्ये वाटाण्याएवढी, आधी लाल आणि पिकता पिकता जांभळी होणारी फळे लागतात. एका घोसातली सगळी फळे एकदम पिकत नाहीत. त्यामुळे एक-दोन दिवसांआड पुन्हा पुन्हा, हातानेच, वेचणी करावी लागते. वेचलेले फळ बाहेर ठेवले तर दिवस-दोन दिवसांत उतरते. म्हणून ते दूरच्या बाजारात जात नाही आणि शीतगृहाच्या व्यापारात बसत नाही. आंब्याला मलिहाबाद मिळाले आणि आगगाडीही मिळाली. फालशाला ज्या गावात तो पिकला त्या गावाचाच आश्रय. जी वस्तू प्रवास करू शकत नाही ती राहते केवळ गिऱ्हाइकाच्या मागणीवर. ती मागणी सरली की माळी झुडूप उपटून दुसरे काही लावतो. तेव्हा आपण त्या ठेल्यापुढे थांबतो की बाटलीतले रंगीत पाणी घेऊन पुढे जातो, यावर त्या झाडाचे आयुष्य ठरत असते.

आपल्या मुलखातही त्याचे भाऊबंद आहेत. सह्याद्रीतली धामण त्याच्याच गोत्रातली. चैत्र-वैशाखात डोंगरउतारावर पिकणारी करवंदे, पुढे येणारी जांभळे, महाबळेश्वरच्या तुती आणि स्ट्रॉबेरी ही मंडळी आपण सर्वांनी खाल्ली आहेत. आणि कोकणचे रातांबे. उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस येण्याआधी घाईघाईने फळे उतरवून साली वेगळ्या करावयाच्या, त्यांना रसाचीच पुटे देत उन्हात वाळवावयाचे, तेव्हा आमसूल होते. वाळलेल्या त्या सालीत मात्र फालशाला नसलेला एक गुण आहे: ती प्रवास करते. मुंबईहून पुष्पक एक्सप्रेसने येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीत तिची एक पुडी असते, हे आपणांस ठाऊकच आहे.

एक फळ जे गाव सोडू शकत नाही, आणि एक जे कोठेही जाऊन राहू शकते: यांचे मिश्रण आमच्या घरी कित्येक उन्हाळे होत आले आहे. बदल्यांच्या नोकरीत कोकमे पुरवून वापरावी लागतात. ती थोडी, आणि फालसे मुबलक. तेव्हा दोहोंचा संगम गरजेतून झाला आणि चवीमुळे टिकला. कॉकटेल या शब्दाचा लौकिक अर्थ मिश्रण एवढाच घ्यावयाचा असेल, तर आलमबागेचे खरे कॉकटेल हेच, असे आमचे नम्र मत आहे.

त्याची रीत आमच्या घरच्या मापाने सांगतो. दहा-बारा पेल्यांसाठी अर्धा किलो पिकलेले फालसे घ्यावेत. जांभळे निवडावेत, थोडे लाल असले तरी चालतील, आंबटपणाला ते उपयोगीच पडतात. दहा-बारा कोकमे धुऊन एक वाटी कोमट पाण्यात दोन तास भिजत घालावीत. फालसे दोन पाण्यांनी धुऊन काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्यावेत. पितळ, लोखंड, ॲल्युमिनियम नको, कारण आंबट रस धातूला खातो आणि चव बिघडवितो. दीडशे ग्रॅम साखर व अर्धा चमचा काळे मीठ घालून पाव तास तसेच ठेवावे. साखर-मिठाने फळ आपोआप रस सोडू लागते. मग हाताने कुस्करावे. येथे घाई करून फळे मिक्सरमध्ये फिरवू नयेत, ही आमच्या घरातली कडक शिस्त आहे. फालशाची बी टणक असते. ती भरडली की रस कडवट होतो आणि दातांखाली कचकच येते. बोटांना बी फोडता येत नाही, हाच हाताचा गुण.

कुस्करल्यावर एक लिटर पाणी घालून पातळ फडक्यातून गाळावे. चोथा फेकू नये. त्यावर आणखी एक पेलाभर पाणी घालून पुन्हा पिळावा. रशियन गृहिणी चोथा उकळते. आम्ही उकळीत नाही, कारण उकळीने फालशाचा रंग उतरतो. त्यात कोकमाचे पाणी गाळून मिसळावे आणि अर्धे लिंबू पिळावे. लिंबू चवीइतकेच रंगासाठीही आहे. फालसा आणि कोकम या दोहोंतील लाल रंगद्रव्य आंबटपणात खुलते आणि क्षारयुक्त पाण्यात काळवंडते. पेय फिके दिसले तर रंगाची बाटली शोधू नका. चार थेंब लिंबू पिळून पाहा. शेवटी चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि पुदिन्याची पाने घालावीत. बर्फ पेल्यात द्यावा, भांड्यात नव्हे. नाहीतर शेवटच्या पाहुण्याच्या वाट्याला नुसते रंगीत पाणी येते. ज्यांना मधुमेह आहे त्यांच्यासाठी साखरेवाचूनचे कोकमाचे पाणी, जिरे आणि मीठ घालून, निराळे काढून ठेवावे. पेला मात्र तसाच असावा, म्हणजे कोणाला आपण वेगळे आहोत असे वाटणार नाही.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य मुद्दा. आलमबागेत राहून आम्ही सरबताविषयी सर्वांत मोठी गोष्ट शिकलो ती स्वयंपाकघरात नव्हे, रस्त्यावर. ज्येष्ठातले मंगळवार लखनौत ‘बडा मंगल’ म्हणून पाळतात. येथील महिने पौर्णिमान्त, त्यामुळे त्यांचा ज्येष्ठ आपल्याआधी पंधरा दिवस लागतो. त्या मंगळवारी हनुमानाच्या नावाने चौकाचौकांत मांडव पडतात. पुरी-भाजी, बुंदी आणि सरबत येणाऱ्याजाणाऱ्याला वाटले जाते. रिक्षावाल्याला कोणी जात विचारीत नाही की मोटारीतून उतरलेल्याला हुद्दा विचारीत नाही. अलीगंजच्या हनुमान मंदिराशी जोडलेल्या या प्रथेचा संबंध येथील लोक नबाबी काळाशी लावतात. मोहरमच्या दिवसांत करबलाच्या तहानेचे स्मरण ठेवून शहरात सबील लागते, आणि तेथेही पाणी व सरबत हाती दिले जाते. गुरु अर्जनदेवांचे बलिदान १६०६ मध्ये लाहोरास भर उन्हाळ्यात झाले. त्यांच्या स्मृतिदिनी पंजाबी बांधव छबील लावतात आणि दूध-गुलाबाचे थंड पाणी रस्त्यावरच्या प्रत्येकाला आग्रहाने देतात. धर्म तीन, कथा तीन. पण कृती एकच: उन्हात चाललेल्या अनोळखी माणसाच्या हाती गार पेला देणे.

आपल्याकडे पाणपोईची परंपरा होतीच. परंतु पन्नास वर्षांत, मंडळी, आपण मराठी लोकांनी आलमबागेच्या रस्त्यावर काय ठेवले? गणेशोत्सव केला, नाटके केली, हळदीकुंकू केले. सर्व उत्तम केले. पण बहुतांशी चार भिंतींच्या आत आणि आपापसांत केले. या गावाने आम्हांला ज्येष्ठाच्या कित्येक दुपारी न मागता पाजले आहे. त्या ऋणाची नोंद आमच्या हिशेबाच्या वहीत कोठे नाही, हे आम्हां हिशेबखात्यातल्या माणसाला बरे वाटत नाही.

पेयाची थोरवी ते कोणाकोणाच्या हाती देता येते यावर ठरते, असे आम्हांस वाटते. जो पेला वडिलांपासून लपवावा लागतो, मुलाला नाकारावा लागतो, उपवासाच्या भगिनीला टाळावा लागतो, मुसलमान शेजाऱ्याला आणि जैन मित्राला विचारून मगच द्यावा लागतो, तो घरगुती मैफलीत शोभत असेल. मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी तो मधोमध ठेवण्याजोगा नाही. फालसा-कोकमाचा पेला या साऱ्यांच्या हाती एकाच वेळी देता येतो. दुसऱ्या दालनाची गरजच उरत नाही.

म्हणून आमची कार्यकारिणीस दोन भागांची विनंती आहे. एक, सहभोजनात सर्वांना हाच एक पेला द्यावा, आणि तो करण्याचे काम, नव्या पेयाची सूचना ज्या तरुणांनी आणली त्यांच्याकडेच सोपवावे. त्यांना मिश्रणाची जाण आहे, मांडणीची दृष्टी आहे. पुदिन्याचे पान पेल्याच्या काठावर कसे खोचावे हे आम्हां वृद्धांहून त्यांना अधिक कळते. सूचना नाकारून त्यांना दूर लोटण्यापेक्षा तिचे उत्तम ते घेऊन त्यांना पुढे करावे. दुसरे, यंदाच्या एका बड्या मंगळवारी आलमबागेत मंडळाच्या नावाने आपण आपला मांडव घालावा. त्यावर मराठीत आणि हिंदीत एवढेच लिहावे: फालसा-कोकम सरबत.

हिशेब आम्ही करून आणला आहे. पाचशे पेल्यांस पंचवीस किलो फालसे, दोन किलो कोकमे, साडेसात किलो साखर आणि सुमारे सत्तर लिटर गाळलेले पाणी लागेल. बर्फ, लिंबे, जिरे, पुदिना वेगळे. फालसे त्याच दिवशी पहाटे बाजारातून आणावे लागतील, आदल्या दिवशी आणून चालणार नाही. कुस्करण्यासाठी वीस जोडी हात तरी हवेत, आणि ते हात संध्याकाळपर्यंत जांभळे राहतील, याची पूर्वकल्पना दिलेली बरी. कोकमांची जबाबदारी आमच्या घरची. उरलेल्या कामांसाठी ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे नावे द्यावीत. पहिले नाव आम्ही आमचेच लिहून ठेवले आहे.